'हेरिटेज' रासबेरी थंड प्रदेशात लावताना: जागेच्या निवडीपासून मार्चच्या छाटणीपर्यंत

उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या परसात रासबेरीची एखादी ओळ पुष्कळदा दिसते, आणि ती 'हेरिटेज' जातीची असण्याची शक्यता बरीच असते. रोपासोबत आलेल्या चिठ्ठीवर दोन गोष्टी ठळकपणे लिहिलेल्या असतात: ही जात कडाक्याची थंडी सोसते आणि शरद ऋतूत फळते. दोन्ही विधाने खरी आहेत, पण दोन्हींचा अर्थ चुकीचा लावला जातो आणि तीन-तीन वर्षे निगा राखूनही हाती मूठभर फळे येतात. थंडी सोसणारे असते ते झाड, फळ नव्हे. शरदात फळणे म्हणजे केवळ उशिरा फळणे नव्हे, तर त्याच वर्षी जमिनीतून वर आलेल्या काडीवर फळणे. पुढचे सर्व टप्पे या दोन वाक्यांवर उभे आहेत.

आधी जातीचा स्वभाव

रासबेरीची मुळे आणि जमिनीलगतचा गड्डा वर्षानुवर्षे जगतो, मात्र प्रत्येक काडीचे आयुष्य दोनच वर्षांचे असते. उन्हाळ्यात फळणाऱ्या जातींत काडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, हिवाळा काढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. 'हेरिटेज'ची काडी पहिल्याच वर्षी शेंड्याकडच्या भागावर फुलते आणि ऑगस्टच्या अखेरीपासून फळू लागते. तीच काडी हिवाळ्यात राखली, तर उरलेल्या खालच्या भागावर पुढच्या जून-जुलैत दुसरा, लहान बहर येतो आणि मग ती वाळते.

न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील कृषी संशोधन केंद्राने १९६९ साली प्रसारित केलेली ही जात ताठ वाढते. काड्या साधारण पाच ते सहा फूट उंच होतात आणि त्यांना काटे असतात. फळ मध्यम आकाराचे, लाल व घट्ट असते, त्यामुळे ते ताजे खाण्यास आणि गोठवून ठेवण्यासही चालते. जात स्वपरागित असल्याने एकाच जातीची ओळ लावली तरी पुरते. मधमाश्यांची ये-जा मात्र हवी, कारण परागीभवन अपुरे झाले की फळाचे दाणे नीट भरत नाहीत आणि ते हातात घेताच चुरते. मुळांतून आजूबाजूला फुटवे फेकण्याचा या जातीचा उत्साह दांडगा आहे, हे जागा ठरवण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची बाग पाहिलेल्यांची येथे हमखास फसगत होते. द्राक्षात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, तिच्यात घड धरतो आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तो बाहेर येतो. म्हणून काडी जपायची हे अंगवळणी पडलेले असते. 'हेरिटेज'च्या शरदातील बहरासाठी जुनी काडी जपण्याची गरजच नसते. का, ते छाटणीच्या टप्प्यात पाहू.

टप्पा १: रोप मागवण्यापूर्वी हंगामाचा हिशेब

यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, नकाशातील झोन ४ म्हणजे जेथे हिवाळ्यात पारा सरासरी उणे २९ ते उणे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो असा प्रदेश. 'हेरिटेज' या झोनमध्ये तग धरते, आणि लोक एवढ्यावरच समाधान मानून रोपे मागवतात. परंतु हा नकाशा केवळ हिवाळ्यातील नीचांक सांगतो. उन्हाळा किती लांब आहे याबद्दल तो काहीच सांगत नाही. रासबेरीचे फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत सुमारे ३० ते ३५ दिवस लागतात आणि सप्टेंबरच्या गार हवेत हा काळ आणखी लांबतो. शरदात फळणाऱ्या जातींमध्ये 'हेरिटेज' उशिराची आहे. झाड उणे ३० अंशांत सुखरूप राहते, पण उमललेले फूल आणि पिकायला आलेले फळ शून्याखालच्या एखाद-दोन अंशांतच खराब होते.

म्हणून प्रथम आपल्या गावातील शरदातील पहिल्या फ्रॉस्टची, म्हणजे पारा शून्याखाली जाणाऱ्या पहिल्या रात्रीची, सरासरी तारीख काढावी. ती ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास किंवा त्यानंतर असेल, तर 'हेरिटेज' निःशंकपणे लावावी. ती ३० सप्टेंबरच्या अलीकडे असेल, तर बहराचा मोठा भाग हिरवाच गोठेल. उत्तर मिनेसोटासारख्या भागात हेच घडते. अशा ठिकाणी 'पोलाना', 'ऑटम ब्रिटन', 'जोन जे' किंवा 'कॅरोलिन' या आधी पिकणाऱ्या जाती घ्याव्यात. त्यांनाही पुढील सर्व टप्पे जसेच्या तसे लागू पडतात. 'जोन जे'ला काटे नसतात, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर माझा कल तिच्याकडेच राहील.

*तपासणी:* शहरातील हवामान केंद्राची तारीख आपल्या अंगणाला लागू पडेलच असे नाही. सखल जागेत थंड हवा साचते आणि तेथे फ्रॉस्ट आठवडाभर आधीही येऊ शकतो. एका शरदात आपल्या परसात सर्वप्रथम कोठे गवत पांढरे होते, ते पाहून ठेवावे आणि ओळीसाठी ती जागा टाळावी.

टप्पा २: जागा आणि माती

दिवसाकाठी किमान सहा, शक्यतो आठ तास थेट ऊन हवे. छायेतील झाड जगते, पण त्याचा बहर लांबतो, आणि थंड प्रदेशात बहर लांबणे म्हणजेच बहर हुकणे. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.६ ते ६.५ दरम्यान असावा. चाचणी आदल्या शरदात करून घेतली, तर चुना किंवा गंधक घालून तो बदलण्यास वेळ मिळतो.

सामूपेक्षाही निचरा महत्त्वाचा. रासबेरी थंडीने मरते त्याहून कितीतरी अधिक वेळा ती साचलेल्या पाण्याने, फायटोप्थोरा या मूळकुजीमुळे मरते, आणि दोष मात्र हिवाळ्याच्या माथी मारला जातो. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी चार-पाच तासांनंतरही उभे राहिले, तर दहा-बारा इंच उंचीचा गादीवाफा केल्याशिवाय तेथे लागवड करू नये. बांधकामाच्या वेळी दाबल्या गेलेल्या चिकणमातीवर वसलेल्या नव्या वसाहतींत तर मी ही चाचणी न करताच गादीवाफा करण्याचा सल्ला देईन.

*इशारा:* मागील तीन-चार वर्षांत जेथे टोमॅटो, बटाटा, वांगी किंवा मिरची घेतली असेल, तेथे रासबेरी लावू नये. या पिकांबरोबर वाढणारी व्हर्टिसिलियम ही मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते आणि रासबेरीलाही लागते. आपल्याकडे भाजीचा वाफा हाच परसातील सर्वांत सुपीक वाफा असतो, त्यामुळे नवे रोप नेमके तेथेच टोचले जाते.

आदल्या हंगामातच जागेतील बहुवर्षायू तणे मुळांसकट काढून टाकावीत. लागवडीनंतर रासबेरीच्या उथळ मुळांतून हराळीसारखे तण वेगळे करणे जवळपास अशक्य होते.

टप्पा ३: रोपे कोठून घ्यावीत

ओळखीच्या घरी फुटवे भरपूर आलेले असतात आणि ते आनंदाने दिलेही जातात. नाही म्हणणे जड जाते हे मान्य, तरीही ते आणू नयेत. माव्याने पसरलेले विषाणू, मुळांवर गाठी आणणारा जिवाणू आणि मूळकूज हे सारे निरोगी दिसणाऱ्या फुटव्याबरोबर येऊ शकते, आणि विषाणूवर उपाय नसल्याने अखेरीस ओळच उपटावी लागते. विषाणूमुक्त असल्याची हमी देणाऱ्या रोपवाटिकेतूनच रोपे घ्यावीत.

रोपे दोन प्रकारे मिळतात. सुप्तावस्थेतील, मातीविना मुळांची काडी लवकर वसंतात लावायची असते; तिला लागवडीनंतरच्या हलक्या फ्रॉस्टची भीती नसते. ऊतीसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) तयार केलेले, कोवळ्या पानांचे लहान रोप मात्र शेवटचा फ्रॉस्ट होऊन गेल्यावरच बाहेर लावावे. काडी उशिरा लावणे आणि कोवळे रोप लवकर लावणे, या दोन्ही उलट्या चुका सारख्याच प्रमाणात होताना दिसतात.

टप्पा ४: लागवड

जमीन भुसभुशीत करता येऊ लागताच काम सुरू करावे. मूठभर माती दाबून तिचा गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा आला असे समजावे; गोळा तसाच राहिला, तर थांबावे.

१. पार्सल आल्यावर मुळे ओली आहेत का ते पाहावे. लगेच लावणे शक्य नसेल, तर ओलसर भुशात गुंडाळून काड्या थंड जागी ठेवाव्यात.

२. लागवडीपूर्वी मुळे एक-दोन तास पाण्यात बुडवावीत. रात्रभर बुडवून ठेवू नयेत, कारण मुळांना हवाही लागते. वाफ्याकडे नेतानाही ती ओल्या गोणपाटाखाली झाकलेली असावीत. उन्हावाऱ्यात उघडी राहिलेली बारीक मुळे काही मिनिटांत सुकतात.

३. दोन रोपांत दीड ते दोन फूट आणि दोन ओळींत सहा ते आठ फूट अंतर ठेवावे. लागवडीच्या दिवशी हे अंतर उधळपट्टीचे वाटते. तिसऱ्या वर्षी कमी वाटते.

४. मुळे आडवी पसरून रोप रोपवाटिकेत होते त्याच्या जेमतेम एक इंच खाली जाईल इतके लावावे. यापेक्षा खोल लावले, तर नवे कोंब वर येण्यापूर्वीच कुजतात.

५. माती हलकेच दाबून भरपूर पाणी द्यावे. खड्ड्यात रासायनिक खत किंवा ताजे शेण मुळीच घालू नये. कोवळी मुळे त्याने जळतात.

६. लावलेली काडी जमिनीपासून चार-सहा इंचांवर छाटावी. जिवंत दिसणारी काडी कापण्यास हात धजावत नाही, पण रोपाचे भवितव्य त्या काडीत नसून मुळांतून येणाऱ्या नव्या कोंबांत आहे.

*तपासणी:* चार-पाच आठवड्यांत जमिनीतून लालसर-हिरवे कोंब दिसले पाहिजेत. मूळ काडीला पालवी फुटली पण जमिनीतून कोंब आला नाही, तर रोप अद्याप लागलेले नाही असेच समजावे आणि ओल तपासावी.

टप्पा ५: पहिला उन्हाळा

आठवड्याला एक ते दीड इंच पाणी, पावसासह मोजून, द्यावे. ठिबक किंवा पाझरणारी नळी उत्तम, कारण वरून फवारलेल्या पाण्याने पाने आणि फळे ओली राहून करड्या बुरशीला आमंत्रण मिळते. ओळीवर दोन-तीन इंच लाकडाच्या चिपाट्यांचे आच्छादन घालावे; माती जड असेल, तर पहिल्या वर्षानंतर ते पातळच ठेवावे, अन्यथा तळाशी ओल साचते.

खत लागवडीनंतर महिन्याभराने आणि तेही हलके. पुढील वर्षांत वसंतात कोंब वर येऊ लागताना एक मात्रा आणि जूनच्या सुरुवातीला दुसरी पुरेशी होते. जुलैनंतर नत्र दिल्यास पाला वाढतो, फुले लांबतात आणि मुलायम राहिलेली काडी थंडीत अधिक मार खाते.

*इशारा:* शेंडे खुडू नयेत. तुरीचा किंवा कपाशीचा शेंडा खुडला की फांद्या वाढतात, हा अनुभव गावाकडून आलेला असतो आणि रासबेरीतही खुडल्याने फांद्या खरोखरच वाढतात. पण येथे पहिली फुले शेंड्याकडेच येणार असतात आणि खुडल्यावर बहर पुढे ढकलला जातो. लांब उन्हाळ्याच्या प्रदेशात हा फायद्याचा व्यवहार ठरू शकतो. सप्टेंबरातच थंडी पडणाऱ्या गावात तो तोट्याचा आहे.

जुलैत जपानी भुंगे पानांची चाळण करतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असताना साबणाच्या पाण्याच्या भांड्यात पाडणे हा लहान बागेसाठी पुरेसा उपाय आहे.

टप्पा ६: आधार आणि ओळीची रुंदी

काडी ताठ असली, तरी फळांनी आणि पावसाने जड झालेला शेंडा वाकतो. ओळीच्या दोन्ही टोकांना खांब रोवून, जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर ओळीच्या दोन्ही बाजूंनी तार किंवा जाड दोरी ताणावी आणि काड्या त्यांच्यामध्ये राहू द्याव्यात. प्रत्येक काडी बांधत बसण्याची आवश्यकता नाही.

ओळीचा तळ बारा ते अठरा इंचांपेक्षा रुंद होऊ देऊ नये. बाहेर आलेले फुटवे हंगामभर खुरप्याने किंवा गवत कापण्याच्या यंत्राने काढत राहावे. रुंद, दाट ओळीत मधल्या काड्यांना ऊन मिळत नाही, हवा खेळत नाही, आणि आत पिकलेले फळ तोडणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. पुढच्या टप्प्यातील माशी अशाच फळांवर वाढते.

टप्पा ७: तोडणी, आणि पंखावर ठिपका असलेली माशी

फळ पिकले की ते पांढऱ्या गाभ्यावरून हलक्या ओढीने टोपीसारखे निघते. जोराने ओढावे लागत असेल, तर ते पिकलेले नाही, आणि तोडल्यावर ते पिकणारही नाही. उन्हाकडच्या काही दाण्यांवर पांढरेपणा आला, तर तो तीव्र उन्हाचा परिणाम असतो. ते फळ खाण्यास हरकत नाही.

'हेरिटेज'चा हंगाम आणि ड्रोसोफिला सुझुकी या माशीचा सुगीचा काळ दुर्दैवाने एकच आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ही माशी २००८ साली कॅलिफोर्नियात आढळली आणि पुढील काही वर्षांत पूर्वेकडेही पसरली. साधी फळमाशी सडक्या फळावर अंडी घालते. ही माशी पिकू लागलेल्या निरोगी फळाची साल चिरून आत अंडी घालते. बाहेरून फळ उत्तम दिसते आणि दोन दिवसांत आतून पाणी सुटते. शाकाहारी घरात हा प्रश्न अर्थातच केवळ चवीपुरता राहत नाही.

उपायांचा क्रम असा ठेवावा. फळे रोज, फार तर दिवसाआड तोडावीत आणि 'थोडे आणखी गोड होऊ दे' म्हणून ठेवू नयेत. तोडताना दोन भांडी घ्यावीत, एक चांगल्या फळांसाठी व दुसरे मऊ, गळालेल्या आणि बुरशी आलेल्या फळांसाठी. दुसऱ्या भांड्यातील फळे कंपोस्टमध्ये न टाकता बंद पिशवीत घालून काही दिवस उन्हात ठेवावीत आणि मग कचऱ्यात द्यावीत. तोडणी उथळ भांड्यात करून फळे न धुता लगेच फ्रीजच्या सर्वांत थंड भागात ठेवावीत. शून्य ते एक अंशाच्या आसपास अंडी-अळ्यांची वाढ थांबते. उपद्रव दरवर्षी होत असेल, तर एक मिलिमीटरहून बारीक छिद्रांच्या जाळीने ओळ झाकावी. ही जाळी मधमाश्यांनाही अडवते, म्हणून ती पहिली फुले फळांत बदलल्यानंतर, पण फळ रंगण्यापूर्वी घालावी आणि अधूनमधून उघडावी.

*तपासणी:* चार कप पाण्यात पाव कप मीठ विरघळवून त्यात मूठभर फळे हलकेच दाबून टाकावीत. पंधरा मिनिटांत बारीक पांढऱ्या अळ्या वर येताना दिसल्या, तर तोडणीतील अंतर वाढले आहे असे समजावे. ही चाचणी दर आठवड्याला करावी.

हलक्या फ्रॉस्टची सूचना आली, तर संध्याकाळी ओळीवर जुनी चादर किंवा पिकाचे कापड (पिकावर पांघरण्याचे हलके कापड) जमिनीपर्यंत सोडावे आणि सकाळी काढावे. एक-दोन अंशांचा हा आडोसा पुष्कळदा आणखी आठवडाभर फळे देतो.

टप्पा ८: छाटणी

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यात होते. 'हेरिटेज'साठी दोन पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ करता कामा नये.

एक-बहर पद्धतीत सर्व काड्या, अगदी सर्व, वर्षातून एकदा जमिनीलगत कापायच्या असतात. वसंतात मुळांतून नव्या काड्या येतात आणि त्याच शरदात फळतात. थंड प्रदेशासाठी ही पद्धत मी निर्विवादपणे श्रेष्ठ मानतो, कारण तिच्यात काडीला हिवाळा काढावाच लागत नाही. वाऱ्याने सुकणे, सशांनी कुरतडणे, बर्फाच्या वजनाने मोडणे, हे सारे प्रश्नच उरत नाहीत. चिठ्ठीवरील 'थंडी सोसते' या शब्दांचा खरा उपयोग येथे आहे: जमिनीखालचा भाग जगला की पुरे.

दोन-बहर पद्धतीत शरदात फळलेला शेंड्याचा भाग तेवढा कापतात, खालची काडी राखतात, तिच्यावर जून-जुलैत फळ घेतात आणि मग ती तळातून काढतात. एकूण फळ अधिक काळ मिळते, पण जुन्या काड्यांच्या सावलीत व स्पर्धेत नव्या काड्यांचा शरदातील बहर कमी व उशिरा येतो. उन्हाळी फळांचाच मोह असेल, तर त्यासाठी उन्हाळ्यात फळणाऱ्या जातीची वेगळी ओळ लावणे अधिक शहाणपणाचे.

एक-बहर पद्धतीची कृती अशी:

१. शरदात पाने गळेपर्यंत काहीही कापू नये. फळे संपल्यानंतरही पानांनी तयार केलेले अन्न मुळांत उतरत असते. ऑक्टोबरमध्ये 'बाग आवरून टाकू' म्हणून कापणारा पुढच्या वर्षीच्या कोंबांचा साठाच कापतो.

२. काड्या हिवाळाभर उभ्या ठेवाव्यात. त्यांच्यात बर्फ अडकतो आणि तो गड्ड्यावर पांघरुणासारखा राहतो.

३. मार्चमध्ये, बर्फ ओसरल्यावर पण कळ्या फुगण्यापूर्वी, धारदार कात्रीने काड्या जमिनीपासून जास्तीत जास्त एक-दोन इंचांवर कापाव्यात. सहा-आठ इंचांचे खुंट ठेवल्यास त्यांच्यावरील डोळे फुटून कमजोर फांद्या येतात आणि मुळांतून येणाऱ्या जोमदार काड्यांची संख्या घटते.

४. कापलेल्या काड्या वाफ्यातून बाहेर काढाव्यात; त्यांवर रोगांचे बीजाणू असतात.

५. बहर थोडा आधी आणायचा असेल, तर छाटणीनंतर ओळीवर पिकाचे हलके कापड अंथरावे आणि कोंब दीड फुटाचे होईपर्यंत ठेवावे.

*इशारा:* आपली जात नक्की कोणती याची खात्री नसेल, तर पहिल्या वर्षी सर्व ओळ कापू नये. उन्हाळ्यात फळणारी जात अशी कापली, तर ते संपूर्ण वर्ष फळाविना जाते. शरदात नव्या, हिरवट सालीच्या काडीच्या शेंड्यावर फळ दिसले, तर ती शरदात फळणारी आहे आणि पुढच्या मार्चमध्ये निर्धास्तपणे कापता येते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पाहावयाच्या तारखा

पहिल्या शरदात ओंजळभर फळ आले, तरी ते ठीकच. खरा बहर दुसऱ्या वर्षी सुरू होतो आणि तिसऱ्या वर्षी पूर्ण भरतो, म्हणून जातीबद्दलचा निर्णय त्याआधी घेऊ नये. दुसऱ्या वर्षापासून वहीत तीन तारखा लिहाव्यात: पहिले फूल, पहिले पिकलेले फळ आणि पहिला फ्रॉस्ट. शेवटच्या दोन तारखांमध्ये पाच-सहा आठवडे असतील, तर ओळ योग्य जागी आहे. तीन आठवड्यांहून कमी असतील, तर प्रथम मार्चमधील कापडाचा उपाय एक वर्ष करून पाहावा, सावली देणारी एखादी फांदी असल्यास ती छाटावी आणि जुलैनंतर नत्र दिले जात नाही ना, हे तपासावे. इतके करूनही तिसऱ्या वर्षी हिरवी फळेच गोठली, तर झाड निरोगी आहे एवढ्यावरून ते ठेवू नये. त्याच्या शेजारी, नव्या मातीत, 'पोलाना' किंवा 'ऑटम ब्रिटन' लावून ती फळू लागेपर्यंतच 'हेरिटेज'ची ओळ राखावी.